पहिलं ओझं

सगळा घोटाळा त्या शिट्टीनं केला. नाहीतर काका आले होते. स्वतःची पहार खांद्यावर टाकून ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरले होते आणि तोंडातली काडी चघळत उभे होते. थोरल्या भावाच्या कामाला हात लावायला ते आपल्या पायांनी आले, याचंच सुनेला नवल वाटत होतं. आता बाबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, गोड बोलावं, तेवढं जमत नसेल तर निदान गप्प राहावं, एवढीच तिची मनातल्या मनात विनवणी चालली होती.

आणि बाबांनी खिशातून शिट्टी काढली, गालफडं फुगवली आणि अशी सणसणीत फुंकली की काठावरच्या शेळ्या उधळल्या.

"चला, लागा कामाला!"

काकांनी पहार खाली टेकवली. "कुणाला वाजवलीस?"

"कुणाला म्हणजे? काम सुरू झालं. काम शिट्टीवरच सुरू होतं."

"मी तुझ्या पलटणीतला पोरगा आहे होय रे? बाप गेल्यापासून या ओढ्याच्या दोन्ही अंगांना मी एकटा राबलो. तेव्हा कुणी शिट्टी नव्हती वाजवली."

"अरे, राग कसला त्यात? शिस्त असते ती."

"मग शेळ्यांना लाव शिस्त." काकांनी तोंडातली काडी थुंकली, पहार उचलली आणि पलीकडच्या काठावर चढता चढता वळून म्हणाले, "आणि एक ऐकून ठेव. हा काठ माझ्या वाटणीचा आहे. इथं तुझी कुदळ पडली तर माझ्याशी गाठ आहे."

सून डोक्यावर घमेलं घेऊन तशीच उभी राहिली. दुसरा कुणी असता तर तिनं चांगलं सुनावलं असतं. पण सासरा पडला, आणि तोही असला. तिनं घमेलं खाली आदळलं, तेवढ्यावरच भागवलं.

गाव बाबांना सुभेदार म्हणायचं. खरा हुद्दा त्याच्या वरचा होता की खालचा, कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मिसरूड फुटायच्या आत फौजेत गेले ते मिशा पांढऱ्या झाल्यावरच परत आले. त्यांची पलटण लढणारी नव्हती, बांधणारी होती. पुढं फौज जायची असली की आधी हे जायचे, नदीवर पूल टाकायचे, आणि फौज पार झाली की पुढच्या नदीवर. डोंगरातल्या गावांसाठी दगडी कमानीही बांधल्या म्हणे. परत आले तेव्हा सोबत एक ट्रंक, घडीची खाट, ती शिट्टी आणि खोकला, एवढंच होतं.

घर ओढ्याच्या अलीकडे होतं. गाव, रस्ता, दवाखाना, आणि माणसाला शेवटी जिथं नेतात तो माळसुद्धा, सगळं पलीकडे. वर्षातले आठ महिने तो ओढा म्हणजे नुसता दगडगोट्यांचा पट्टा. पाऊस लागला की मात्र असा फुगायचा की घर दिवसच्या दिवस तुटून पडायचं. सासूबाई तशाच गेल्या, ओढा भरलेला असताना. सुभेदार तेव्हा कुठल्या तरी लांबच्या नदीवर पूल बांधत होते. रजा मिळून आले तोवर ओढ्यात घोट्याइतकं पाणीही उरलं नव्हतं. दिवसभर ओट्यावर बसले, ओढ्याकडे बघत राहिले आणि परत गेले. बायको कशी गेली, कुणाला एका शब्दानं विचारलं नाही. सुनेच्या मनात ते बसलं होतं. माणूस आहे की धोंडा, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

आता कायमचे आले ते पुलाचं खूळ घेऊनच. तिचा नवरा ट्रक चालवायचा, फेरी इकडची लागली की घरी टेकायचा. त्यानं बापाला समजावून पाहिलं.

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंत ना? छाती कामातून गेलीय. दगडाची धूळ म्हणजे विष तुम्हाला. पुढच्या वर्षी मी रजा टाकतो, मग बघू."

"पुढच्या वर्षी मी नसेन."

"असं वाईट कशाला बोलता?"

"वाईट नाही बोलत. नसेन म्हणून यंदा बांधायचाय." आणि मग जरा थांबून म्हणाले, "परक्यांच्या नद्यांवर हयात घालवली मी. माझ्या दारातला ओढा तसाच राहिला. पाऊस लागायच्या आत कमान उभी राहिली पाहिजे. मधे पडू नकोस."

नवरा ट्रक घेऊन गेला आणि मधे पडायला सून उरली. काका रुसून गेल्यावर तर दोघंच राहिले, एक खोकणारा म्हातारा आणि एक सून. काम थांबलं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला शिट्टी झालीच.

पहिले काही दिवस तिचे नुसते हाल झाले. पहारीनं दगड उकरायचा, लोळवत आणायचा, सुभेदार त्याच्याभोवती फिरून छिन्नीनं खूण करणार, मग हातोडा तिच्या हातात. तळव्याला फोड आले, फुटले, पुन्हा आले. सुभेदारांच्या तोंडात दोनच शब्द. एक "ठीक", आणि दुसरा "पुन्हा". ठीक क्वचित यायचं. एकदा तिनं अख्खा थर रचून काढला, पाठ धरून उभी राहिली, तर सुभेदारांनी खाली वाकून एका दगडावर बोटानं टकटक केली, कान लावला आणि पहारीनं तो सगळा थर ढासळून टाकला.

"अहो, काय केलंत हे!"

"तो दगड पोकळ बसला होता."

"एकच बसला होता ना? मग सगळा कशाला पाडायचा?"

"त्याच्यावर बाकीचे बसले होते."

तिला रडू फुटलं, रागाचं. पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, "तुमच्या पलटणीत माणसं टिकायची तरी कशी?"

सुभेदार विचारात पडले. बहुधा असं कुणी विचारलंच नव्हतं. "रात्री शिव्या द्यायचे मला," ते म्हणाले. "मी झोपल्याचं सोंग घ्यायचो. तूही दे. मी ऐकणार नाही."

तिला रडता रडता हसू आलं, आणि मग तिनं तो थर पुन्हा रचला. या खेपेला प्रत्येक दगड आधी तिनंच वाजवून पाहिला. भरीव बसलेला दगड आखूड बोलतो, पोकळ बसलेला घुमतो. एकदा कानाला कळलं की मग कळतच राहतं.

पलीकडून पाण्याला, सरपणाला जाणाऱ्या बायका काठावर थांबायच्या. "काय गं, सासऱ्यानं भरती केली वाटतं तुला?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "अगं, टोपी तरी माग!" आणि सगळ्या खिदळत गेल्या. सुनेचे कान तापले. सुभेदारांनी मान वर केली नाही, पण दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून जुनी जाड कापडाची टोपी काढून त्यांनी गुपचूप तिच्या घमेल्यात ठेवली. ऊन मरणाचं होतं. तिनं ती घातली. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

दुपारी झाडाखाली टेकायचे तेव्हा सुभेदार थोडंफार बोलायचे. खोकल्याची ढास ओसरली की त्यांचा आवाज खाली बसायचा, आणि त्यातला हुकूम निघून जायचा.

"आमच्यात एक रीत होती," एकदा म्हणाले. "पूल झाला की पहिलं ओझं वरून जाताना, ज्यानं बांधला तो खाली उभा राहायचा. बरोब्बर मधोमध."

"का?"

"का म्हणजे? वरून जाणाऱ्यानं कुणाच्या भरवशावर पाऊल टाकायचं?"

"तुम्ही उभे राहिलात?"

"प्रत्येक वेळी."

"भीती नाही वाटायची?"

"वाटायची की. दर वेळी पाय कापायचे. पण कापणारे पाय वरून कुणाला दिसत नाहीत."

"आणि पडला का कधी पूल?"

"एकदा. माझा नव्हता. ज्याचा होता तो खालीच होता." सुभेदारांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, मिशी पुसली. "त्यानंतर बरीच वर्षं सगळ्यांचे पूल चांगले होत होते."

अलीकडचा पाया भरून वर आला आणि घोडं अडलं. कमान एका पायावर उभी राहत नाही, दुसरा पाय काकांच्या काठात हवा. सुनेनं दोनदा विषय काढला. सुभेदारांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिसऱ्यांदा काढला तेव्हा ते उसळलेच.

"त्याच्या दारात मी जाणार नाही. माझी बायको इकडे श्वासासाठी तडफडत होती तेव्हा तो पलीकडे घोरत पडला होता. वर्षानुवर्षं मी तोंडाला कुलूप लावलंय, ते उघडायला लावू नकोस."

सुनेच्या हातातली छिन्नी तशीच राहिली. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? आला होता का तो?"

"तुम्ही विचारलंत का कुणाला?" तिचा आवाज चढला. पहिल्यांदाच सासऱ्यासमोर चढला, आणि मग तिला आवरेना. "मी होते ना इथं. माझ्या मांडीवर गेल्या त्या. मला विचारायचं होतंत. काका झोपले नव्हते. भर पावसात गावात जाऊन डॉक्टरला घेऊन आले होते. तिथं, त्या खडकापाशी उभे होते दोघं. डॉक्टरच्या हातात छत्री होती. ओढा दुथडी भरलेला. डॉक्टर तिकडून ओरडून सांगायचा, उशाला उंच द्या, छाती शेका, आणि मला निम्मं ऐकूच येत नव्हतं. काकांनी कमरेला दोर बांधून दोनदा पाण्यात उडी टाकली. दोन्ही वेळा लोकांनी ओढून बाहेर काढलं. सासूबाई गेल्या, तेव्हा मी दारात येऊन नुसता हात हलवला. नाही म्हणून. काका तिथंच चिखलात बसले."

 हातोडा सुभेदारांनी मांडीवर ठेवला होता, तो घसरून खाली पडला तरी त्यांनी उचलला नाही. मग त्यांनी विचारलं, "ती काही म्हणाली का?"

"तुमचं नाव घेतलं. म्हणाल्या, त्यांना सांगू नका, कामात असतील."

बस्स, एवढंच. म्हाताऱ्याचा चेहरा असा झाला की सुनेला त्याच्याकडे बघवेना. माणूसच होता तो. इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते ऐकवणार नाही म्हणून, हे तिला त्या घटकेला लख्ख कळलं, आणि आपण त्याला धोंडा समजत होतो याची तिला फार लाज वाटली.

संध्याकाळी सुभेदारांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि म्हणाले, "चल."

काका अंगणात दोर वळत बसले होते. काकूंनी दारातून पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा करत आत वळल्या. त्यांनी चहाचं भांडं ठेवल्याचा आवाज आला. सुभेदार भावासमोर ताठ उभे राहिले, साहेबासमोर उभं राहावं तसे.  मग त्यांनी खिशातून शिट्टी काढली आणि दोराच्या वेटोळ्यावर ठेवली.

"ही काय?" काका म्हणाले.

"तू वाजव. मी कामावर येतो."

काका दोर वळतच राहिले. "कुणी सांगितलं तुला?"

"सूनबाईनं."

"आज?"

"आज."

"इतकी वर्षं तुला वाटत होतं की मी..." काकांचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "अरे मूर्खा, माझी वहिनी होती ती! आईमागं तिनं वाढवलं मला."

"चुकलं माझं," सुभेदार म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडायला सबंध आयुष्य लागलं असावं, इतके अवघडून आले.

काकूंनी चहा आणला. कुणी कुणाकडे न बघता सगळ्यांनी प्याला. कप खाली ठेवून काकांनी शिट्टी उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि भावाच्या हातात परत दिली. "तुझी तुझ्याकडेच असू दे. फक्त माझ्या कानाशी वाजवू नकोस. कुठं खणायचंय, ते दाखव सकाळी."

पुढं कामाला वेग आला. दोघं भाऊ दिवसभर भांडत होते, पण भांडता भांडता पाया वर येत होता. सुतारानं लाकडी साचा करून दिला, कमानीच्या पोटाच्या आकाराचा, खालून खांबांवर आणि पाचरींवर टेकवलेला. त्याच्यावर दगड चढवायचे, दोन्ही बाजूंनी सारखे. एक इकडे, एक तिकडे. एक बाजू जड झाली की साचा कलतो.

सुभेदार मात्र उतरत चालले होते. आधी हातोडा सुटला, मग उभं राहणं सुटलं. मग त्यांची घडीची खाट काठावरच्या झाडाखाली आणून टाकली, तिच्यावर पडून ते बघायचे. नवरा फेरीवरून आला तो बापाची हाडं बघून हादरला. दवाखान्यात नेतो म्हणून अडून बसला. सुभेदार म्हणाले, "तिथं छत बघत पडायचं, इथं कमान बघत पडतो." नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. तिला ठाऊक होतं, एकदा नेलं की ते जिवंत परत येणार नाहीत. अपुरं काम टाकून त्यांना नेलं तर ते वाटेतच जातील. दोष आला तर आपल्यावर येईल, येऊ दे.

नवऱ्यानं मालकाला निरोप धाडला आणि दोन दिवस राहून, शर्ट काढून सगळ्यात जड दगड चढवून दिले. मग गेला.

सुभेदारांचा आवाज गेला तेव्हा शिट्टी पुन्हा उपयोगी आली. एक शिट्टी म्हणजे थांब. दोन म्हणजे पुढं. छातीत तेवढीच हवा उरली होती. खाटेवरून एक बारीक शिट्टी यायची, सून हात थांबवायची, दगड फिरवायची, पुन्हा बसवायची, वाजवून बघायची, आणि दोन यायच्या.

काका कुरकुरायचे. "आयुष्यभर कुणाचा हुकूम ऐकला नाही. आता म्हातारपणी सुनेच्या हाताखाली."

"तर मग ते घमेलं इकडे द्या, काका," सून म्हणायची.

"बघ, बघ! बोलतेसुद्धा त्याच्यासारखीच." पण घमेलं यायचं.

कमानीच्या पलीकडच्या खांद्यातला एक दगड तिच्या मनात सलत राहिला. तो बसवला तेव्हा सुभेदारांना ताप होता, डोळे मिटलेले होते, शिट्टी आलीच नाही. तिनं वाट पाहिली, मग आपल्या मतानं बसवला, वाजवला. आखूड बोलला. की तिला तसं ऐकायचं होतं म्हणून बोलला? दुसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर ती खाटेपाशी गेली. "बाबा, तो एक दगड तुम्ही पाहिला नाहीत. काकांना सांगते, तुम्हाला खांद्यावरून खाली नेतील. एकदा वाजवून बघा."

सुभेदारांनी ओठ हलवले. तिनं कान जवळ नेला.

"तू वाजवलास?"

"हो."

"मग झालं."

"पण बाबा..."

"मग झालं, उस्ताद."

फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, हे तिला नंतर नवऱ्यानं सांगितलं. त्या वेळी तिला नुसतं एवढंच कळलं की आता त्या दगडाचं जे व्हायचं ते आपल्या नावावर. 

कमानीच्या माथ्यावरचा शेवटचा, कळीचा दगड बसवायच्या दिवशी काकूही आल्या, हसणाऱ्या बायकाही आल्या. दगड वरून आत उतरवला, लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकत ठोकत तळाला बसवला, आणि खाटेवरून दोन शिट्ट्या आल्या. दुसरी अर्धवटच. चुना धरेपर्यंत साचा काढायचा नाही, असं सुभेदारांनी हातांनी खुणावलं. साचा कसा काढायचा तेही पुन्हा एकदा सांगितलं, बोटांनी, तिच्या तळहातावर. कुठलीही पाचर एकदम काढायची नाही. इकडची थोडी, तिकडची थोडी, मग पुन्हा इकडची. आणि मग बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं आणि कमानीखालच्या जागेकडे दाखवलं. खाटेसकट तिथं ठेवा मला.

"ठेवू," ती म्हणाली.

चुना वाळायच्या आत ते गेले. सकाळी ती त्यांचं तोंड पुसायला गेली, तर तोंड ओढ्याकडे होतं आणि शिट्टी मुठीत. नवऱ्याला निरोप गेला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. तोवर वरच्या डोंगरांवर काळं झालं होतं आणि ओढ्याला पाणी सुटलं होतं. गढूळ, काड्या-पाचोळा घेऊन आलेलं, आधी घोट्याइतकं, मग पोटऱ्यांपर्यंत.

घरासमोर माणसं जमली. पलीकडच्या माळावर न्यायचं कसं, यावर खल सुरू झाला. कुणी म्हणालं, आत्ताच पाण्यातून न्या, अजून जमतंय. कुणी म्हणालं, चिखलात वाट बंद व्हायच्या आत ट्रकमधून लांबच्या पुलावरून वळसा घालून न्या, दिवस मावळेल पण पोचू. कमानीवरून न्या असं कुणीच म्हणालं नाही. तिच्या पोटाखाली लाकडं अजून तशीच होती, आणि पाणी त्या लाकडांना लागायला लागलं होतं.

सून काठावर उभी राहून तेच बघत होती. एक खांब हलला. पाणी आणखी चढलं तर साचा उचलला जाणार, वाकडा फिरणार आणि कमानीला खालून ढुशी देणार.

"पाचरी आत्ता काढाव्या लागतील," ती म्हणाली. "आणि बाबा याच्यावरूनच जातील."

"डोकं फिरलंय का तुझं?" नवरा म्हणाला. "चुना ओला आहे अजून."

"चुना ओला आहे. दगड नाहीत ओले. दगड आपल्या वजनानं उभे राहतात, चुना नुसता भेगा भरतो. बाबांनीच सांगितलंय."

"आणि नाही राहिले तर? बापाची खाट पाण्यात पाडायची का मी?"

ती उत्तर न देता खाटेपाशी गेली. सुभेदारांना त्यांच्या घडीच्या खाटेवरच ठेवलं होतं. मूठ अजून पुरती वळलेली होती. तिनं एकेक बोट हलकेच सोडवून शिट्टी घेतली, गळ्यात घातली, हातोडा उचलला, आणि ती टोपी डोक्यावर चढवून पाण्यात उतरली.

इकडची थोडी. तिकडची थोडी. ठोका पडला की लाकूड कण्हायचं. गुडघ्यांना पाणी लागत होतं. ती मोठ्यानं स्वतःलाच सांगत होती, एकदम नाही, एकदम नाही. शेवटच्या पाचरीला कमान बसली. वरून एक दबका आवाज आला, चुन्याचे कण तिच्या टोपीवर पडले, आणि काठावरच्या बायका किंचाळल्या. मग काहीच झालं नाही. साचा सुटून पाण्यात पडला, प्रवाहानं फिरला आणि निघून गेला. कमान उभी होती. पलीकडच्या खांद्यातला तो दगडही होता.

"बाहेर ये आता!" नवरा ओरडला.

ती बाहेर आली नाही. मधोमध सरकली आणि पाय रोवून उभी राहिली. "आणा खाट."

"अगं, बाहेर ये म्हणतोय ना!"

"ज्यानं बांधला तो खाली उभा राहतो. त्यांना उभं राहता येत नाही, म्हणून मी उभी आहे. आणा."

वर खांदा द्यायला पुढं झालेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. मग काकांचा आवाज आला, घोगरा. "पुढचा डावा खांदा माझा. पोरा, तू उजवा घे. ती खाली उभी आहे आणि आपण वर घाबरायचं? लाज वाटते का काही?"

तिला आता काही दिसत नव्हतं, फक्त कमानीचं पोट आणि त्यातले तिनं घडवलेले दगड. एकेकाची खूण तिला पाठ होती. खाट उचलल्याची चाहूल आली, पावलं कमानीच्या तोंडाशी आली आणि तिथं थांबली. कुणी हलेना. मग काका म्हणाले, "वाजव गं."

तिनं शिट्टी तोंडाला लावली. पाय कापत होते. कापू देत, वरून दिसत नाहीत. तिनं दोन शिट्ट्या दिल्या.

पावलं पुढं आली. जड, चौघांची, एका तालात. दगड बोलले, आखूड, भरीव, एकामागून एक, अलीकडचा खांदा, मग कळीचा दगड, मग पलीकडचा खांदा. तो दगड आला. तिनं श्वास धरला. तोही आखूड बोलला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान तिला नव्हतं. बाबा, ऐकलंत ना, ती म्हणाली. ठीक म्हणा एकदा.

पावलं पलीकडच्या मातीत उतरली आणि पुढं चालतच राहिली.

"अगं!" काकांचा आवाज आला, तिकडून, त्या खडकापासून. "खांदा बदलायचाय. थांबायची वाजव की! त्याच्याशिवाय थांबायचं कसं आम्ही?"

ओठ जुळेनात. पहिल्यांदा नुसतीच हवा गेली. मग तिनं डोळे मिटून, छातीत होतं नव्हतं तेवढं सगळं एकवटून एक लांब शिट्टी दिली. पलीकडच्या काठावर, डॉक्टर छत्री घेऊन उभा होता त्याच जागी, सुभेदारांची खाट थांबली.